आयकराचे रिटर्न : शेवटच्या आठवड्यात हाती न लागणारे कागद

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट आहे. १२ तारखेचा शुक्रवार होता. जुमाची नमाज आटोपून भिवंडीचे एक यंत्रमागधारक आमच्या कचेरीत आले. हातात कापडाची पिशवी होती. पिशवीत वीजबिले, बँकेचे पासबुक, व्यापाऱ्यांकडून आलेल्या मजुरीच्या चिठ्ठ्या, गाळ्याच्या भाड्याच्या पावत्या आणि अगदी तळाशी चुरगळलेली, उमऱ्याच्या पॅकेजची पावती. पिशवी टेबलावर ठेवून चाचा म्हणाले, "वकीलसाहेब, सोमवारी शेवटची तारीख आहे म्हणे. मागच्या वर्षीचेच आकडे थोडे वाढवून टाकून द्या. कर तर काही बसत नाही."

हे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो. वर्षानुवर्षे ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ऐकू येत असे. त्या वर्षी सरकारने मे महिन्यातच ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवून दिली, म्हणून ते सप्टेंबरमध्ये ऐकू आले, एवढाच फरक. दीड महिना जास्त मिळाला, पण पिशवी मात्र तेवढ्याच घाईने आली. पुढे १५ तारखेच्या रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढवून मिळाला आणि त्यातही मध्यरात्रीनंतर अडीच तास पोर्टल दुरुस्तीसाठी बंद राहणार, असे जाहीर झाले. मुदत वाढेल या भरवशावर बसणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

चाचांचे चोवीस माग आहेत. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. चाचा मीटरमागे मजुरी घेऊन विणून देतात. दोन व्यापाऱ्यांचे काम असते. २०२४-२५ या वर्षात एकाकडून ११ लाख २० हजार आणि दुसऱ्याकडून ७ लाख २० हजार, मिळून १८ लाख ४० हजार रुपये मजुरी बँकेत जमा झाली होती. आणि मागच्या वर्षीच्या ज्या रिटर्नमधले आकडे 'थोडे वाढवून' टाकायचे होते, त्यात धंदा दाखवला होता १५ लाख आणि नफा १ लाख २० हजार. हे आकडे कुठून आले, असे विचारले. चाचा म्हणाले, "आधी ज्यांच्याकडे जात होतो त्यांनी लिहिले. मी फक्त सही केली."

एक टक्का कुठे जातो?

मजुरीवर काम देणारा व्यापारी मोठा असेल, म्हणजे टीडीएस कापण्याचे बंधन त्याच्यावर असेल, तर तो कारागिराला पैसे देताना एक टक्का कर कापून सरकारकडे भरतो. एका वेळचे बिल ३० हजारांच्या वर गेले किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली की ही कपात लागू होते. चाचांच्या १८ लाख ४० हजारांवर ती १८,४०० रुपये होत होती. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये चाचा आणि चाची उमऱ्याला जाऊन आले होते. दोघांच्या पॅकेजचे २ लाख २० हजार रुपये झाले. परदेशच्या सहलीच्या पॅकेजवर टूरवाला ग्राहकाकडून कर गोळा करतो, त्याला टीसीएस म्हणतात. त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या रकमेला त्याचा दर पाच टक्के होता. म्हणजे ११ हजार. पावतीवर तो वेगळा छापलेला होता, पण चाचांचा समज असा की तो टूरवाल्याचा खर्च असेल.

दोन्ही मिळून २९,४०० रुपये झाले. हा पैसा चाचांच्या नावाने सरकारकडे आगाऊ जमा झालेला कर आहे. कर बसत नसेल तर तो सगळा परत मिळतो. मात्र रिटर्नमध्ये मागितला तरच मिळतो. चाचांच्या मागच्या तीन रिटर्नमध्ये टीडीएसचा रकाना कोरा होता. जुन्या वर्षांचे २६-एएस काढून पाहिले, तर दरवर्षी पंधरा-सोळा हजार रुपये कापले गेले होते आणि कोणी मागितलेच नव्हते. त्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करण्याची मुदत केव्हाच टळली होती. आता ती रक्कम हवी तर विलंब माफ व्हावा म्हणून प्रधान आयकर आयुक्तांकडे कारणांसह स्वतंत्र अर्ज करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार, करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो. मंजुरी मिळेलच, असे मात्र नाही.

'कर बसत नाही, मग रिटर्न कशाला' असे म्हणणाऱ्या यंत्रमागधारकांसाठी आणखी एक बाब सांगितली पाहिजे. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असले तरी वर्षाचा विजेचा खर्च एक लाखाच्या वर गेला, तर १९६१ च्या कायद्याप्रमाणे रिटर्न भरणे बंधनकारक आहे. २०१९-२० या आर्थिक वर्षापासून हा नियम आहे. माग चालवणाऱ्या कोणाचे वर्षाचे वीजबिल एक लाखाच्या आत राहते? टीडीएस आणि टीसीएस मिळून २५ हजार किंवा त्याहून जास्त झाले तरी रिटर्न भरावेच लागते. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे.

तीन गाठी

आता खरा प्रश्न. शुक्रवारी दुपारी पिशवी उघडली आणि संध्याकाळपर्यंत हिशोब उभा राहिला. तेवढे काम एका दिवसाचेच आहे. पण रिटर्न पूर्ण होण्यासाठी जे लागते, त्यातले सगळे कागद पिशवीत नसतात. काही गोष्टी दुसऱ्याच्या हातात असतात आणि शेवटच्या आठवड्यात तो दुसरा सापडत नाही. चाचांच्या बाबतीत अशा तीन गाठी निघाल्या.

पहिली गाठ व्यापाऱ्याकडची. चाचांचे २६-एएस उघडले, तर दुसऱ्या व्यापाऱ्याचे जानेवारी ते मार्च या तिमाहीचे २ लाख १० हजार त्यात दिसतच नव्हते. कर कापलेला, चिठ्ठीवर लिहिलेला, पण पॅन नंबरात एका अक्षराची चूक होऊन २,१०० रुपये भलत्याच खात्यावर गेले होते. ही चूक चाचा दुरुस्त करू शकत नाहीत, आम्हीही करू शकत नाही. ती व्यापाऱ्यानेच टीडीएसचे दुरुस्ती विवरणपत्र भरून करायची असते. शनिवारी त्यांच्या मुनीमजींना फोन केला. ते स्वतःच तारखेच्या गडबडीत होते. म्हणाले, "पंधरा दिवसांनी बघू." त्यांचेही चुकले, असे म्हणवत नाही.

मार्चअखेरच्या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र भरण्याची व्यापाऱ्याची तारीख ३१ मे असते आणि त्याने कारागिराला प्रमाणपत्र द्यायचे ते १५ जूनपर्यंत. म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात २६-एएस पाहिले असते, तर ही चूक तेव्हाच सापडली असती आणि मुनीमजींनाही वेळ होता.

दुसरी गाठ मोबाइलची. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते. नाही केली तर रिटर्न भरलेच नाही, असे धरतात. सोपा मार्ग म्हणजे आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. चाचांच्या आधारला जोडलेला नंबर थोरल्या मुलाचा होता. मुलगा तीन वर्षांपूर्वी कुवेतला गेला आणि तो नंबर बंद पडला. आपल्याकडे हे घरोघरी आहे. आधार काढताना मुलाचा नंबर दिला, मुलगा आखातात गेला, नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला. नंबर बदलायला तेव्हा आधार केंद्रावर स्वतः जाऊन बोटाचे ठसे द्यावे लागत होते आणि बदल नोंदला जायला दिवस लागत होते. बँक खात्यावरूनही पडताळणी होते, पण त्यासाठी पोर्टलने खाते मान्य केलेले असावे लागते. तिथे तिसरी गाठ होती.

ती नावाची. चाचांच्या पॅनवर नावाचा पहिला शब्द 'मोहम्मद' पूर्ण आहे. बँकेत तो 'मोहद.' असा तोडून लिहिलेला. आधारवर वडिलांचे नाव मध्ये घातलेले. तीन कागद, तीन नावे, माणूस एकच. शेख, मोहम्मद, अब्दुल, सय्यद या नावांची इंग्रजी स्पेलिंगे जितकी कारकुनांची मने तितकी होतात, हे वाचकांना सांगायला नको. पूर्वी हे चालून गेले. आता रिफंड फक्त पॅनशी नाव जुळलेल्या, पोर्टलने मान्य केलेल्या खात्यातच जमा होतो. ज्यांचे पॅन आणि आधार याच कारणाने जोडले गेले नाहीत, त्यांची स्थिती याहून वाईट आहे. जोडण्याची मुदत संपल्यावर १ जुलै २०२३ पासून अशी पॅन निष्क्रिय धरली गेली. रिफंड थांबतो आणि टीडीएसही वाढीव दराने कापला जातो. नाव सारखे करून घेणे, हजार रुपये फी भरून जोडणी करणे, याला आठवडे जातात. तारखेच्या आधीच्या शनिवारी ते होणार नाही.

सहा टक्क्यांचे गणित

आता आकड्यांकडे येऊ. छोट्या धंद्यांसाठी कायद्यात अंदाजी नफ्याची सवलत आहे. १९६१ च्या कायद्यात ते कलम ४४ एडी. दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेला दुकानदार किंवा कारागीर, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंतचा, तपशीलवार हिशोबवह्या न ठेवता उलाढालीच्या आठ टक्के नफा दाखवू शकतो. बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के चालतात. सोय चांगली आहे. पण बाजारात तिचा अर्थ 'सहा टक्के लिहा आणि मोकळे व्हा' असा झाला आहे. कायदा म्हणतो, किमान एवढा. प्रत्यक्षात जास्त नफा झाला असेल तर जास्तच दाखवायचा.

चाचांच्या १८ लाख ४० हजारांचे सहा टक्के म्हणजे १ लाख १० हजार ४०० रुपये. मजुरांचे पगार, वीज, गाळ्याचे भाडे, मागांची दुरुस्ती हे सगळे वजा करून पिशवीतल्या कागदांवरून नफा निघाला साधारण ३ लाख ६० हजार. मी विचारले, "चाचा, घरात सहा माणसे. महिन्याला नऊ हजारांत घर चालते का?" ते हसले. मग हळूच म्हणाले, की गेल्या वर्षी आठ रेपिअर माग घेण्यासाठी बँकेकडे कर्ज मागितले होते. बँकेने तीन वर्षांची रिटर्न पाहिली आणि परतफेडीची ऐपत दिसत नाही म्हणून अर्ज परत केला. जुन्या मागांच्या कापडाला भाव मिळत नाही, नवे माग घ्यायला पैसा नाही, आणि धंदा चालतो याचा सरकारदरबारी एकमेव पुरावा म्हणतो की हा माणूस महिन्याला दहा हजार कमावतो.

आणि हा आकडा खाली ओढून वाचले काय? ३ लाख ६० हजार दाखवले तरी नव्या कररचनेत कर शून्यच होता. २०२४-२५ साठी तीन लाखांपर्यंत कर नव्हता आणि सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण सूट होती. २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नासाठी तर करमुक्त मर्यादा चार लाख आणि सुटीची मर्यादा बारा लाख झाली. म्हणजे बहुसंख्य छोट्या दुकानदारांना खरा नफा लिहायला आता एक रुपयाही पडत नाही. तरी हात जुन्या सवयीने सहा टक्क्यांवरच जातो.

ही सवलत सर्वांना नाही, हेही सांगून ठेवतो. सुताची किंवा कापडाची दलाली करणारे, कमिशन एजंट यांना ४४ एडी लागू नाही. त्यांना हिशोब ठेवून वेगळा फॉर्म भरावा लागतो. शेवटच्या रात्री अनेक दलाल बांधव सोपा म्हणून 'सुगम' फॉर्म भरून मोकळे होतात आणि वर्षाने नोटीस घेऊन येतात. एकदा अंदाजी नफ्याची पद्धत स्वीकारून पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढची पाच वर्षे ती परत मिळत नाही, हेही फॉर्म बदलण्यापूर्वी पाहावे. ज्यांना कर बसतो त्यांनी या पद्धतीत आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा असतो.

'सुगम'मध्ये ३१ मार्चचा शिल्लक माल, उधारी, देणी आणि रोख शिल्लक विचारतात. इथे बहुतेक जण मनाला येईल तो आकडा लिहितात. वास्तविक आपल्या दुकानदारांना मालाची मोजणी नवी नाही. जकातीसाठी दरवर्षी रमजानमध्ये माल, रोख आणि येणी मोजली जातात. २०२५ साली तर ईद नेमकी ३१ मार्चला आली. कित्येकांची जकातीची मोजणी आणि वर्षअखेर यांत दोन-तीन आठवड्यांचेच अंतर होते. किंमत लावण्याची रीत दोन्हीकडे वेगळी असेल, पण तागे मोजण्याचे काम एकच आहे. ती वही सप्टेंबरमध्ये कोणाला आठवली नाही.

बँकेच्या व्याजाचीही एक अडचण आहे. अनेक जण बचत खात्यावरचे व्याज स्वतःसाठी वापरत नाहीत, गरजूंना देऊन टाकतात, आणि 'आम्ही घेतलेच नाही' म्हणून रिटर्नमध्ये दाखवत नाहीत. देऊन टाकणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. आयकराच्या दृष्टीने व्याज खात्यात जमा झाले की ते उत्पन्न ठरते. बँक ते सरकारला कळवते आणि वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, ते आपल्या नावावर उमटते. चाचांचे १,८०० रुपये व्याज होते. ते 'इतर उत्पन्नात' लिहिले. करात काही फरक पडला नाही.

तारीख की आकडा?

सोमवारी दुपारी चाचा परत आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "तारीख चुकली तर किती दंड?" पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला उशिराची फी एक हजार आहे, त्यापुढे पाच हजार. कर देणे असेल तर महिन्याला एक टक्का व्याजही लागते. धंद्यात तोटा असेल आणि तो पुढच्या वर्षांत ओढायचा असेल, तर मात्र तारीख गाठलीच पाहिजे; उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये तो हक्क जातो. जुनी कररचना निवडणाऱ्या धंदेवाल्यांनाही तारखेच्या आत वेगळा फॉर्म द्यावा लागतो. हे सोडले, तर छोट्या कारागिराच्या बाबतीत तारीख चुकल्याचा तोटा हजार रुपयांचा आणि खोट्या आकड्याचा तोटा आठ रेपिअर मागांचा. माझे मत असे, की हजार रुपये वाचवण्यासाठी अंदाजाने रिटर्न भरू नये. पण हाती आहे तेवढे खरे लिहून तारखेच्या आत भरता येत असेल तर भरावे आणि राहिलेले नंतर दुरुस्त करावे. त्या वर्षासाठी ही मुभा ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती.

आम्ही तसेच केले. २६-एएसमध्ये दिसत होते तेवढे २७,३०० रुपये मागून सोमवारी संध्याकाळी रिटर्न भरले. ओटीपी नव्हताच, म्हणून पोचपावतीचा फॉर्म छापून चाचांची सही घेतली आणि बुधवारी स्पीड पोस्टाने बंगळूरच्या केंद्राला पाठवला. ही सोय आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

त्याच दिवसांत त्यांच्या मोहल्ल्यात एक जण 'पन्नास हजार रिफंड काढून देतो, वीस टक्के माझे' म्हणत फिरत होता. विमा, देणगी, घरभाडे असे काहीही लिहून रिफंड मागायचा, हा त्याचा मार्ग. असे खोटे दावे भरून देणाऱ्या मध्यस्थांवर आयकर खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभर सुमारे १५० ठिकाणी कारवाई केली. मध्यस्थ वीस टक्के घेऊन जातो, नोटीस येते ती पॅन ज्याचे त्याला.

पुढे ऑक्टोबरमध्ये चाचांनी बँकेत अर्ज देऊन नाव पॅनप्रमाणे करून घेतले. आधारला स्वतःचा नंबर जोडला. नोव्हेंबरमध्ये २७,३०० रुपये खात्यात आले. व्यापाऱ्याच्या मुनीमजींनी दुरुस्ती विवरणपत्र भरले, तेव्हा राहिलेले २,१०० दिसू लागले आणि डिसेंबरमध्ये सुधारित रिटर्न भरून तेही मागितले.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, पण ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाची रिटर्न १९६१ च्या कायद्याखालीच भरायची आहेत. ज्या वर्षाचे रिटर्न भरायचे, त्या वर्षाची शेवटची तारीख पोर्टलवर स्वतः पाहून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तारखा अनेकदा मागच्या सालच्या असतात.

चाचा नवे रिटर्न घेऊन पुन्हा बँकेत जाऊन आले. मॅनेजरने कागद ठेवून घेतले. म्हणाले, असेच आणखी दोन वर्षांचे आणा.